चिमीच्या मापाचे अकरा जोड

माझ्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, त्यामुळे स्टुडिओत नव्यानं आलेल्यांचा समज होतो की ही बाई अबोल आहे. टाचण्या काढल्या की तो समज फिटतो. कपडेपट म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. तीन शिलाई मशिनी, इस्त्रीचं टेबल, भिंतभर आरसा आणि मी. मला सगळे टाचणी म्हणतात. एक्क्याण्णव किलोच्या बाईला टाचणी म्हणण्यात कसली गंमत आहे ते मला कळतं. एकोणतीस वर्षं झाली, गंमत अजून कुणाची संपलेली नाही.

तर दोन महिन्यांपूर्वी दिग्दर्शक खाली आला. हा माणूस कपडेपटात आला म्हणजे काहीतरी फुकट हवं असतं, नाहीतर अशक्य हवं असतं. त्या दिवशी दोन्ही हवं होतं. नवी मालिका सुरू होणार होती. एक जाडी मुलगी ऑफिसात नोकरीला लागते, सगळे तिला हसतात, साठाव्या भागात ती बारीक होते आणि मग तिला हसणारेच तिच्या मागे लागतात.

"म्हणजे साठ भाग लोकांनी हसायचं, आणि मग हसायला काही उरलं नाही म्हणून टाळ्या वाजवायच्या?" मी विचारलं.

"तू टाचण्या तोंडात ठेव," तो म्हणाला.

नायिका ठरली होती. ती पाठमोरी उभी राहिली तर शर्टातून पाठीचे मणके मोजता येतील एवढी बारीक. तिला जाडी करायला फोमचा सूट बनवून घ्यायचा होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कारखाना आहे तिथे. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अख्खं अंग, मागून चेन. घातलं की जाडी, काढलं की बारीक.

मी आणखी दोन टाचण्या तोंडात धरल्या. त्याच भूमिकेसाठी माझी भाची येऊन गेली होती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दोन महिने आधी जन्मली, बुटाच्या खोक्यात मावेल एवढी होती, म्हणून आम्ही तिला चिमी म्हणायला लागलो. नंतर तिनं राहिलेलं सगळं वसूल केलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. बारा वर्षं नाटकात काम करते. तिला कायम मोलकरीण, आत्या, शेजारीण नाहीतर पडद्यामागचा आवाज. या भूमिकेची चाचणी तिनं अशी दिली की दिग्दर्शकानं चष्मा काढून डोळे पुसले. आणि चष्मा परत लावून तो म्हणाला, "काम उत्तम. पण साठाव्या भागात तुला बारीक कशी करू? आणि खरं सांगू का, पडद्यावर तू जरा जास्तच खरी दिसतेस."

हे तिनं मला घरी त्याच्या आवाजात करून दाखवलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग ती भांडी घासायला उठली आणि तीन भांड्यांसाठी नळ पाऊण तास चालू ठेवला.

परत आली तेव्हा म्हणाली, "मावशी, आता बास. पुढच्या महिन्यापासून मी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसते. पत्र आलंय." ते पत्र तिनं चुंबकानं फ्रीजवर लावलं. रोज सकाळी दूध काढताना मला ते दिसायचं. वाईट नोकरी नव्हती हो. पण बारा वर्षं जिनं रिकाम्या खुर्च्यांपुढेही जीव ओतून काम केलं, ती आता लोकांना एक्स-रे कुठे काढतात ते सांगणार.

अशात त्या दिवशी कपडेपटात दिग्दर्शक पुढे म्हणाला, "सूट शूटिंगच्या सकाळीच मिळणार. पण कपडे आधी तयार पाहिजेत, अकरा जोड. आणि कारखान्याला माप पाहिजे. तुझी ती भाची आहे ना, तिचंच माप देऊ. रोजावर बोलाव तिला. दिवे लावतानाही तिलाच उभी करू."

मी टाचण्या काढल्या. एक-एक करून उशीत खोचल्या. मग जे बोलले ते इथे सांगत नाही, पण वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले होते.

"अगं, हा एक प्रकारचा मान आहे तिचा," तो म्हणाला.

घरी चिमीला सांगताना माझी मान वर होत नव्हती. वाटलं, ही ताट भिरकावेल. तिनं फक्त विचारलं, "आरसा मोठा आहे ना तुमच्याकडे?"

"भिंतभर."

"मग येते. निदान एकदा सगळी दिसेन."

माप घ्यायची माझी एक पद्धत आहे, आणि त्यावरून मी बरीच बोलणी खाल्ली आहेत. इतर शिंपी उभ्याचं माप घेतात आणि मोकळे होतात. मी चार घेते. उभ्याचं, बसल्याचं, हात वर करून, आणि छातीभर श्वास घेऊन. जाड्या माणसाला तर शिंपी धड मापही लावत नाहीत. नजरेनं अंदाज घेतात, वर चार इंच वाढवतात आणि पोतं शिवून देतात. म्हणजे लाज झाकली जाते. कुणाची, ते विचारू नका.

चिमी स्टुलावर उभी राहिली. मी टेप तिच्या छातीभोवती आणली आणि म्हटलं, "श्वास घे." तिनं जरासा घेतला. "भरून घे गं."

"सवय नाही," ती म्हणाली. "माप घेताना मी पोट आत ओढते. शाळेच्या गणवेशापासून."

माझ्या डोळ्यांपुढे टेपवरचे आकडे पुसट झाले. मी चष्म्याला दोष दिला आणि पुन्हा माप घेतलं.

कारखान्याच्या कागदावर मापासाठी एकच रकाना होता, त्यात मी उभ्याचं माप लिहिलं. कपडे मात्र चारही मापांवर बेतले. आठ दिवसांत अकरा जोड. शर्ट, पँट, कोट, एक निळा झगा. खांदा खांद्यावर बसलेला, कंबर कंबरेवर. काखेचा घेर वर ठेवला, म्हणजे हात उचलला तर सगळा शर्ट वर येत नाही. चिमी प्रत्येक जोड घालून बघायची आणि आरशासमोरून हलायची नाही.

आता माझी चूक सांगते. शूटिंगच्या कपड्यांत शिलाईच्या आत तीन बोटं कापड राखायचं असतं. नट बदलतो, सुटतो, आटतो, तेव्हा उसवून मोठं करता येतं. मी हे नव्या मुलींना ओरडून शिकवते. पण जाड्या माणसाला ही आतली जाड शिलाई काचते. काखेत, मांड्यांना, दिवसभर. मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? तर मी अकराच्या अकरा जोडांची आतली शिलाई कात्रीनं पार कापून टाकली आणि कडा मऊ पट्टीनं बांधल्या. हात आपसूक चालले. कपडे फोमवर चढणार आहेत आणि फोमला काही काचत नाही, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. कॉलरच्या आत नटाच्या नावाची पट्टी लावायची पद्धत आहे, तिथे मी नायिकेचं नाव शिवलं. आणि ते शिवूनसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

मी हे मुद्दाम केलं असं स्टुडिओत सगळे म्हणतात. शपथेवर सांगते, नाही केलं. पण आता कुणी विचारलं तर मी नाकारायचं सोडून दिलंय.

शूटिंगच्या दिवशी सकाळी सुतारकाका माझ्याकडे जुन्या कापडाची पट्टी मागायला आले. पहिल्या भागातला पहिलाच प्रसंग असा होता की मुलगी मुलाखतीला येते, खुर्चीत बसते आणि खुर्ची मोडते. काकांनी त्या खुर्चीचे मागचे दोन पाय करवतीनं पाऊण कापून ठेवले होते आणि आयत्या वेळेपर्यंत ते पट्टीनं बांधून ठेवायचे होते.

"बसल्यावर मोडेल ना नक्की?" मी विचारलं.

"कोणीही बसू दे. काल अशाच कापलेल्या दुसऱ्या खुर्चीवर मी बसून बघितलं तर आपटलोच की," ते म्हणाले. सुतारकाकांचं वजन ओल्या कपड्यांसकट पंचेचाळीस किलो असेल.

साडेनऊला सूट आला. नायिकेला त्यात घालायला आम्ही तिघी लागलो. बिचारी एका शब्दानं तक्रार करत नव्हती. "ताई, मला मुतायला जाता येईल का यातून?" एवढंच तिनं हळूच विचारलं. नाही म्हटल्यावर हातातली पाण्याची बाटली तिनं खाली ठेवली.

वर शर्ट चढवला. उभ्यानं बटणं लागली, ओढूनताणून का होईना. मग ती बसून बघायला गेली.

माणसाचं अंग बसताना जागा करून देतं. इथलं थोडं तिथे सरकतं, पोट मांडीवर विसावतं. फोम सरकत नाही. तो सगळाच्या सगळा वर आला, थेट तिच्या हनुवटीखाली. पहिलं बटण उडालं ते आरशावर. दुसरं कुठे गेलं कळलं नाही. तिसरं दारातून आत येणाऱ्या दिग्दर्शकाच्या चष्म्यावर टक्कन बसलं.

"सैल कर!" तो ओरडला.

मी शर्ट उलटा करून बघितला. बघायची गरज नव्हती. माझ्या हाताला सगळं आठवत होतं. "कापड नाही. आत शिलाईच ठेवली नाही मी."

"दुसरा जोड?"

"एकाही जोडात नाही."

तो भिंतीला टेकला. चार वाजता वाहिनीची माणसं पहिला प्रसंग बघायला येणार होती, त्यांना पटला तर मालिका सुरू. नवे कपडे शिवायला दोन दिवस लागले असते. एकोणतीस वर्षांत माझ्यामुळे शूटिंग कधी थांबलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि रागही, आणि राग कुणाचा ते ठरत नव्हतं.

नायिका म्हणाली, "आधी मला यातून काढा. मला गरगरतंय." चेन उघडली तर आत ती घामानं निथळत होती, बरगडी न् बरगडी दिसत होती. मी तिला पंख्याखाली बसवलं. ती म्हणाली, "हे मलासुद्धा सांगतात हो ताई. आणखी दोन किलो उतरव म्हणतात, गाल दिसतात." मग तिनं दिग्दर्शकाकडे बघितलं. "ज्या बाईचे हे कपडे आहेत तिलाच घाला ना. बाहेर उभी आहे ती सकाळपासून."

चिमी खरंच आठपासून सेटवर खुणेच्या जागी उभी होती, तिच्या तोंडावर दिवे जुळवत होते.

दिग्दर्शकानं डोकं खाजवलं. "चालेल. फक्त पाठमोरी. दारातून यायचं, बसायचं, पडायचं. चेहरा हिचा नंतर घेऊ."

म्हणजे मापही चिमीचं, पडणंही चिमीचं, आणि चेहरा दुसरीचा. मी टाचण्यांना हात घातला. चिमी दारात आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. माझा हात धरून म्हणाली, "मावशी, राहू दे तोंडात. मी जाते."

तिनं शर्ट घातला, कोट घातला. सगळं असं बसलं की इस्त्रीवालीनं इस्त्री बाजूला ठेवली आणि बघत राहिली.

सेटवर ऑफिस उभं केलं होतं. टेबलामागे साहेब, म्हणजे साहेबाचं काम करणारे म्हातारे नट. पन्नास वर्षं रंगभूमीवर काढलेला माणूस. बाजूला कर्मचारी झालेली सात-आठ माणसं, त्यांना खुर्ची मोडली की हसायचं काम. काकांनी पट्टी सोडली, खाली गादी सरकवली आणि बाजूला झाले. मी दिव्याच्या मागे उभी होते. एकच वाटत होतं, ही पडेल, सगळे हसतील, आणि मग ती कायमची खिडकीत जाऊन बसेल.

चिमी आत आली. साहेब कागदातून डोकं वर न काढता म्हणाले, "बसा. खुर्ची बसू देत असेल तर."

आणि चिमी बसली नाही. तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती हलवून बघितली.

हे नाटक नव्हतं. ती पंधरा वर्षांची असल्यापासून हे करते. लोकांच्या घरी, दवाखान्यात, बागेत. मीही करते. खुर्चीत बसायच्या आधी कुणाला कळणार नाही असं हातानं दाबून बघायचं. ज्यांचं अंग भाड्याचं असतं त्यांना हे सुचत नाही. लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं, नायिकेला सुचलं नसतं.

खुर्ची करकरली. चिमी वळली. चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे.

"साहेब, ही खुर्ची डगमगते."

दिग्दर्शकानं 'कट' म्हणायला तोंड उघडलं. पण म्हाताऱ्या नटानं समोरून आलेलं वाक्य आयुष्यात कधी खाली पडू दिलेलं नव्हतं. ते म्हणाले, "खुर्ची डगमगत नाही. तुम्हाला बघून घाबरलीय."

सात-आठ जण हसले. चिमी त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबली. पूर्ण संपेपर्यंत. बारा वर्षं रिकाम्या नाट्यगृहांनी तिला तेवढं शिकवलं होतं.

"मग तुम्ही बसून दाखवा," ती गोड आवाजात म्हणाली. "तुम्हाला कोण घाबरतंय?"

दिवेवाला शिडीवरून हसला. त्याला हसायचं काम नव्हतं. साहेबांचे डोळे लकाकले. पाय कापलेले आहेत हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी ते उठले, कोटाचं बटण लावलं, टेबलाला वळसा घालून ऐटीत आले, आणि साऱ्या जन्माची साहेबी गोळा करून त्या खुर्चीत बसले.

काड्कन आवाज झाला आणि साहेब गादीवर.

अख्खा सेट हसला. सुतारकाका हसले, नायिका सूट काढून टॉवेल गुंडाळून आली होती ती हसली, मी हसता हसता टाचणी गिळायची वाचले. हसली नाही ती चिमी. तिनं वाकून एका हातानं साहेबांना उभं केलं, त्यांचा कोट झटकला. मग मोडलेला पाय उचलला आणि कापलेली जागा बोटानं चाचपली.

"वजनानं नाही मोडली, साहेब," ती म्हणाली. "ही कुणीतरी आधीच कापून ठेवलीय." तिनं हसणाऱ्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि पाय टेबलावर ठेवला. "मुलाखत सुरू करू या? मी उभ्यानं देईन."

मग म्हाताऱ्या नटांनी टाळी वाजवली, एकट्यानं, आणि त्यांच्यामागून सगळ्या सेटनं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या वेळी मी चष्म्याला दोष दिला नाही.

दिग्दर्शकानं 'कट' म्हटलंच नव्हतं. तो पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा बघत बसला. दोनदा, तीनदा. शेवटी म्हणाला, "ही जास्त खरी दिसते."

"तेच म्हणाला होतास तू," मी म्हटलं.

चार वाजता वाहिनीची माणसं आली. त्यांतल्या थोरल्या बाईंनी प्रसंग बघितला, परत लावायला सांगितला, आणि साहेब पडल्यावर स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारली. मग विचारलं, "छान. पण साठाव्या भागात हिला बारीक कशाला करताय?"

दिग्दर्शकानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला काडीची मदत केली नाही.

"मग नाही करत," तो म्हणाला.

नायिकेला चिमीच्या मैत्रिणीचं काम मिळालं. त्या दुपारी ती माझ्या खोलीत बसून दोन डबे जेवली, एक तिचा आणि एक माझा. सूट सुतारकाकांनी मागून नेला. त्याचा फोम कापून त्यांनी सेटवरच्या सगळ्या खुर्च्यांना गाद्या केल्या.

घरी येऊन चिमीनं फ्रीजवरचं पत्र काढलं, त्यामागे नम्रपणे नकार लिहिला आणि चुंबक माझ्या टाचण्यांच्या डबीत टाकला.

दुसऱ्या दिवशी मी अकरा कॉलरींतल्या पट्ट्या उसवल्या आणि नव्या लावल्या. चिमी पहिला जोड घालायला आली तेव्हा कॉलर उलटून बघतच राहिली. मग आरशासमोर उभी राहिली.

"मावशी, छातीत घट्ट होतोय गं शर्ट."

मी टेप लावली. चारही मापांत बसणारा शर्ट घट्ट होईलच कसा? आकडा बघितला, आणि मग तिच्याकडे.

"अगं, त्या दिवशीपेक्षा जास्त श्वास भरून धरलायस. सोड की."

"नाही सोडत," ती म्हणाली. "तू शर्ट मोठा शिव."